फुली वरच्या बाजूला

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार कागदावरच मान्य करून घे, कारण सध्या मी एका खोक्यापासून फार लांब जाऊ शकत नाही आणि फार जवळ जायची माझी छाती होत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो का? भावोजींचा खोकला गेला असेल, किंवा निदान तुला तो ऐकू येईनासा झाला असेल. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त झोप नाही, भूक नाही, आणि दाराची कडी वाजली तरी दचकतो.

तर खोक्याविषयी. ठिपकीने दोन अंडी घातल्याचं पोरीने तुला कळवलं होतं ना? (ठिपकी म्हणजे आमच्या घरची ती पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाळीव पाल. मागच्या खेपेला तू तिला हातावर घेऊन "किती गोड गं" म्हणालीस, तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तो तू निघेपर्यंत पाणीच पीत होतो.) पोरीची आई गेल्यापासून या घरात मी, पोरगी आणि ठिपकी अशी तिघंच, आणि त्यातल्या एकीशी बारा वर्षं माझी ओळख लांबूनच होती. अंडी घातली आणि तिसऱ्याच दिवशी पोरीला जहाजावर हजर व्हावं लागलं. समुद्राची खोली मोजणारं जहाज, सात आठवडे जमीन दिसायची नाही, फोन फक्त रविवारी. तिने अंडी ओलसर मातीच्या डबीत मांडली, डबी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली, खाली गरम होणारी चटई अंथरली, एक कागदभर सूचना लिहून खोक्यावर चिकटवल्या आणि मला म्हणाली, "एकतीस वर्षं उबवणी केंद्रात काढलीत बाबा. दोन अंडी म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ."

ती गेल्यावर आठवड्याने ठिपकी मेली. वय झालं होतं. खड्डा मी खणला, तिला उचलून त्यात ठेवायला खालच्या मजल्यावरचा शिंपी आला (माणूस भला आहे, फक्त त्याची इस्त्री सुरू झाली की आमच्याकडचे दिवे मिणमिणतात). रविवारी पोरीला सांगितलं.  तिने एवढंच विचारलं, "अंडी आहेत ना, बाबा?" मी म्हटलं, आहेत. ताई, तोपर्यंत मला भीती होती की त्या अंड्यांतून काहीतरी बाहेर येईल. त्या रविवारपासून भीती वाटू लागली की काहीच येणार नाही. पहिली भीती गेली म्हणशील तर तसं नाही. दोघी सुखाने एकत्र नांदतायत.

आता खरा प्रकार सांगतो, आणि तो तुझ्यामाझ्यातच राहू दे. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून बसतं. आमच्या केंद्रात जुन्या यंत्रात अंडी हातानेच फिरवायचो, दिवसातून तीनदा. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर दिसली की फिरवायची. एकतीस वर्षं हे केलंय. डोकं घरी विसरून गेलो असतो तरी हातांनी काम उरकलं असतं. पालीच्या अंड्याचं नेमकं उलट. ते फिरवलं की आतला जीव गुदमरतो. म्हणूनच पोरीने वरची बाजू कळावी म्हणून दोन्ही अंड्यांवर पेन्सिलीने खूण केली होती. कसली? तर फुली. (तिला काय ठाऊक! दुसरं काही काढलं असतं, फूल, मासा, माझं नाव, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.)

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता अर्धवट झोपेत मी तापमान बघायला खोकं उघडलं. साडेअठ्ठावीस, बरोबर होतं. डबीचं झाकण काढलं, फुल्या वर दिसल्या, आणि माझ्या हातांनी दोन्ही अंडी अलगद फिरवली, झाकण लावलं, आणि मी चहा ठेवायला गेलो. मनात समाधानसुद्धा होतं. आधणाला पहिला बुडबुडा आला तेव्हा मला उमगलं, ही कोंबडीची नव्हेत. धावत येऊन ती परत होती तशी केली. चार मिनिटं गेली असतील, फार तर पाच. त्या पाच मिनिटांचा हिशेब मी गेले अठ्ठावीस दिवस लावतोय. केंद्रात अंडं दिव्यासमोर धरून जिवंत की मेलं हे मी एका नजरेत सांगायचो, मोठे साहेबसुद्धा विचारायला यायचे. इथे टॉर्च हातात घेतो आणि खाली ठेवतो. चार रविवार पोरगी विचारतेय, सगळं ठीक ना, आणि मी म्हणतोय, एकदम ठीक. काल म्हणाली की तुमच्याकडे ठेवल्यामुळे मला काळजी नाही, काही चुकलं तर तुम्ही लपवणार नाही. मी रेंज गेल्याचं सोंग केलं.

आणि आज सकाळी बघतो तर दोन्ही अंडी खोलगट झालीयेत. मऊ कवच आत बसलंय, वर पाण्याचे थेंब. कोंबडीच्या अंड्यात असलं काही मी जन्मात पाहिलं नाही, पण मेलेलं अंडं ओळखायला मला कोणी शिकवायला नको. मी मारली, ताई. शुक्रवारी ती येईल आणि पहिल्यांदा खोक्याकडे जाईल.

असो. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका विनंतीसाठी. हे तिला तूच सांग. आत्याचं ती ऐकते. पण फिरवाफिरवीचं बोलू नकोस. शिंप्याच्या इस्त्रीने फ्यूज उडाला, दोन दिवस वीज नव्हती, असं सांग. शिंप्याला मी समजावतो.

ता. क. दोन. शिंप्याला यात ओढू नकोस, तो निर्दोष आहे. तिच्या सूचनांचा कागद काढून टाकायला गेलो तर तो पाठपोट लिहिलेला निघाला. दीड महिना मी एकच बाजू पाठ करत होतो. मागे लिहिलंय: "शेवटी अंडी आत बसतील, थेंब येतील. घाबरू नका, म्हणजे ती बाहेर यायला निघालीयेत." आणि त्याखाली: "तुमचे हात सवयीने अंडी फिरवतील, मला माहीत आहे. लगेच परत फिरवा आणि मला सांगा. मी रागावणार नाही." मी भिंतीला टेकून बसलो होतो, तेवढ्यात डबीत खुट्ट झालं.

ता. क. तीन. एक आलंय. बोटाएवढं, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचं. मला बघताच चारही पायांवर ताठ उभं राहून ते किंचाळलं, मीही किंचाळलो, शिंपी वर आला. दुसऱ्या अंड्याला चीर गेलीय, नाक दिसतंय. कागदावर लिहिलंय की आलेल्याला उचलून ओल्या कागदाच्या वेगळ्या डबीत ठेवायचं. शिंपी हात पुढे करत होता. मी त्याला थांबवलं. पोरीला शुक्रवारपर्यंत न थांबता आजच जहाजाच्या कचेरीमार्फत निरोप धाडतोय, पाच मिनिटांसकट सगळा.

आणि ताई, मी आठ वर्षांचा असताना माझ्या सदऱ्यात पाल पडली होती, ती तू काढलीस, आणि मी तास दीड तास टेबलावरून उतरलो नव्हतो, हे तू प्रत्येक लग्नात पंगतभर सांगतेस. खुशाल सांग. फक्त शेवट आता थोडा बदल. आजचं मी काढलं. हाताने. गार होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त थरथरत होतं.