हिरवं पाकीट तुझ्या मशीनवर

दादा,

सकाळी माझा कॉम्प्युटर उघडला. आत पंखे तीन, मेमरीच्या पट्ट्या दोन. त्यातली एकच माझी. दुसरी तुझी जुनी. तिच्या जागची माझी पट्टी तुझ्या गेमच्या मशीनमध्ये सापडली.

महिनाभर तो मध्येच रीस्टार्ट होत होता, प्रबंधाची आकडेमोड पुसली जात होती. मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून इथे सगळे ठेवतात, तसं तू त्यावर कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलंस. "हिरवंच हवं, पेइ-झेनबाई! पिवळं ठेवलं तर मशीन रुसतं. हलवू नकोस." मी धूळ पुसतानाही हलवलं नाही.

आता तुझी पट्टी तुझ्या मशीनमध्ये परत लावलीय आणि पाकीट त्यावर ठेवलंय. मी सिंचू शहरात मैत्रिणीकडे राहीन. आईला कारण तूच सांग. भात कुकरमध्ये आहे.

दोन्ही पट्ट्या तपासल्या. माझ्या पट्टीत चुका शून्य, तुझ्या पट्टीत दोनशे चौदा.