दादाच्या पोटाचं दार

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस काकाचे भरघोस आशीर्वाद, वि. वि.

शाळेच्या प्रदर्शनाचे चारही पुतळे झाले: अस्वल, उंट, बोकड आणि माणूस. साचे, रंग, पोटाची दारं, त्यांच्या पितळी बिजागऱ्या, आतली मेणाची चरबी, सगळं या दोन हातांनी केलेलं. शिकवायला कोणी नव्हतं. तू कळवलंस तसंच आहे: अस्वलाची चरबी कातडीखाली, थंडीची बेगमी; उंटाची पाठीवर. बोकडाच्या बरगड्या दिसतात आणि चरबी मात्र आत, मूत्रपिंडाभोवती. ते पटेना, म्हणून लिंगायताच्या घरचा मी खाटकाच्या दुकानात जाऊन बघून आलो. तुझी काकू अजून मला वेगळ्या ताटात वाढते.

माणूस बारीकच केला, यकृत मेणानं भरलेलं. नमुन्याला दादाच, म्हणजे तुझे बाबा, धरले. अर्धवट काम मी करत नाही, त्यामुळे डाव्या खांद्याचा उतारही उतरला. दादा वळसंगहून शाळेच्या प्रदर्शनाला आला, स्वतःला ओळखलं, तेव्हापासून अबोला.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा संगप्पाकाका

हैदराबाद, ११ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

खांदा सरळ केला असतात तर काय बिघडलं असतं? बाबा म्हणतात, मी काडीसारखा, मला कसली आलीय शुगर. डिसेंबरपासून गोळ्या बंद आहेत. कातडीखाली जागा कमी असली की चरबी यकृतात शिरते, मग साखर आवरत नाही, हे मी सांगितलं तर ते पुस्तकातलं. पायाची जखम भरत नाहीये, हे तुम्हाला बोललेत का?

काकूंना म्हणावं, ताट एक करा. माया असावी.
आपली संस्कृती

सोलापूर, २० फेब्रुवारी

चि. संस्कृतीस आशीर्वाद, थोड्या रागासकट.

जखमेचं मला कोणी सांगितलं नव्हतं. अबोला गुंडाळून वळसंगला गेलो. दादा म्हणाला, लई शिकवू नको, तू धावी नापास. मी म्हणालो, नापास हाय, पण डोळे हायत की. जखमेवर माशी बसते, त्याला कळत नाही.

आदल्याच दिवशी बारीक होण्याची पावडर विकणारा एजंट आला होता. त्याला आपला तो माणसाचा पुतळा हवा होता: मेण काढा, दार लिंपून टाका, पावडर घेतलेला माणूस म्हणून दुकानात उभा करतो. दादा हसेल म्हणून हे सांगितलं, तर तो खूशच झाला. बघ, परका माणूसबी मला निरोगी म्हणतोय, देऊन टाक म्हणाला. डोकं धरून बसलो. ते दार लिंपलं की हा माणूस जन्मात गोळी घेणार नाही. तू रविवारी ये. दोघं मिळून त्याला डॉक्टरकडे नेऊ, शिव्या मी खाईन.

लोभ वाढवावा, राग मीच वाढवीन.
तुझा काका

ता. क. एजंटला नाही म्हणून सांगितलं. पासष्ट हजार देत होता.