सदर वस्तीस पर्यायी स्रोत

माय, एवढ्या वर्षांनी लिहितोय, रागावू नकोस. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून बाहेर पडलेला.

त्या मोठ्या दुष्काळात आपल्या बौद्धवस्तीचा आड आटला. टँकरसाठी अर्ज केला, तर तहसिलीतून उत्तर आलं: ‘सदर वस्तीस पर्यायी स्रोत उपलब्ध असल्याने टँकर अनुज्ञेय नाही.’ तू चुलीपुढं बसलेली. म्हणजे काय, विचारलंस. मी म्हणालो, गावात विहीर आहे, म्हणून आपल्याला टँकर नाही. त्या विहिरीला आपला हात लागू देत नसत. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं, आपण खाली घागर धरायची. हे साहेबाला ठाऊक नव्हतं, की असूनही त्यानं तसं लिहिलं, मला अजून कळत नाही.

तू हसलीस. “मग सरकारनं आपल्याला इहीर दिली की रं.”

मी म्हणत राहिलो, तसं लिहिलेलं नाही, भांडण होईल, खडीच्या कामावरून काढतील. तू कागद पदराला बांधलास, दोर-घागर घेतलीस आणि निघालीस. मी बाप्या माणूस, तुझ्या मागं मागं.

विहिरीवर पाटलाचा पुतण्या आडवा आला. तू कागद पुढं केलास. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, शेजारच्याला दाखवला. शिक्का खरा होता. अर्थ काय ह्याचा, तो चिडून म्हणाला.

“आमाला कुठं कळतंय, मालक. तहसिलीत जाऊन इचारून या.”

तहसिलीत जायचं त्याच्याही जिवावर आलं. तो कागद उलटसुलट करतोय तोवर तू दोर सोडला होतास. पुढं शिव्या झाल्या, वस्तीवर दगड आले, पण त्या विहिरीतून आपला दोर कुणाला काढता आला नाही.

आता वस्तीच्या नळाचं अडलंय. कचेरी लिहिते, ‘मागणी तत्त्वतः मान्य असून निधीअभावी प्रलंबित.’ मान्य आहे ना? मग उद्या बायाबापड्यांसह कचेरीच्याच टाकीवर भांडी भरणार. पोलीस येतील का, रक्तदाबाची गोळी बरोबर घ्यावी का, असलं सगळं डोक्यात चाललंय. तरी जाणार.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते ठाऊक आहे. पण माय, मला अजून पुढं चालायची सवय नाही. उजाडायच्या आत काहीतरी कळव.