आडवं झाड

विटनर्स बे, विस्कॉन्सिन
९ जानेवारी १९७९

चि. रुबेन यास वर्नाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी, दोन्ही पोचली. वरची संत्री गोठून दगड झाली होती, खालची मात्र गोड निघाली. तुमच्या अ‍ॅरिझोनात लोक जानेवारीत अंगणात बसून जेवतात, असं पुन्हा लिहू नकोस. इथे दाराची कडीसुद्धा हातमोजा घातल्याशिवाय धरवत नाही. छातीचं काय म्हणतोस? खोकला गेला असं लिहिलंयस, पण तू लहानपणापासून थापाड्या, म्हणून विचारते.

तुला हसू येईल, पण यंदा मी बर्फावर जाते, गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला. हिल्बर्ट गेल्यापासून त्याची बर्फावरची खोपी नुसती पडून होती, ती विकायची ठरवली होती. एक गिऱ्हाईक आलं, खोपीत शिरलं आणि पहिल्याप्रथम त्याने खुंटीवरची हिल्बर्टची टोपी काढून बाहेर ठेवली. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, विकायची नाही. मग शेजारच्या गुस्तावने ती ओढत नेऊन आपल्या खोपीला लागून उभी करून दिली. तो गिरमिटाने भोक पाडून देतो, मी स्वयंपाकघरातल्या झाऱ्याने त्यातला बर्फाचा चुरा काढत बसते. पांढरा बास मासा अजून आपल्या खाडीत आलेला नाही. मोठ्या माशाच्या मागे असलेले लोक बासला नाक मुरडतात, पण हिल्बर्टला दुसरं काही गोड लागत नसे. कातड्यालगतची मांसाची लाल पट्टी तेवढी कापून टाकायची, की झालं, असं म्हणायचा. थवा आला की घटकाभर हात पुरत नाहीत, आणि गेला की दिवसभर काळ्या पाण्याकडे बघत बसायचं. मला ते बघत बसणंच बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मासेमारी मंडळाची सभा दोन फेब्रुवारीला, शुक्रवारचं मासळीचं जेवण झाल्यावर, खाणावळीच्या मागच्या खोलीत आहे. यंदा बर्फावरच्या वाटेची आणि भेगेवर टाकायच्या लाकडी पुलाची पार दुर्दशा झाली आहे, म्हणून ते काम पुन्हा वेंडेलकडे द्यावं असं काहींचं म्हणणं आहे. माझी हरकत असेल तर विषय काढत नाही, असं सांगायला सेक्रेटरी घरी आले होते. मी म्हटलं, विषय काढा, मी स्वतः येऊन बोलते. माझ्या दिराने पुन्हा त्या पुलाला हात लावता कामा नये, हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तू तेव्हा दवाखान्यात होतास, तुला कुणी धड काही सांगितलं नाही. मागच्या फेब्रुवारीत बर्फाची भेग एकाएकी रुंदावली, म्हणून वेंडेलने संध्याकाळी पूल उत्तरेला हलवला आणि तिकडे जाणाऱ्या वाटेवर, वाट दिसावी म्हणून, नाताळची जुनी झाडं रोवली. जुन्या वाटेवरची झाडं बर्फात घट्ट बसलेली, ती सगळी काढायला उजेड उरला नव्हता. अशा वेळी वाटेच्या तोंडाशी असलेलं पहिलं झाड उपटून आडवं टाकतात. आडवं झाड म्हणजे वाट बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हिल्बर्ट सर्दीने अंथरुणात होता, पूल हलल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी कुणीतरी सांगितलं की भेगेपलीकडे बास लागलाय, तसा तो ट्रक काढून निघाला. बर्फाची भुकटी उडत होती. वाटेच्या तोंडाशी आडवं झाड नव्हतंच. सगळी झाडं शहाण्यासारखी उभी होती, थेट भेगेपर्यंत.

वेंडेल आधी म्हणाला, मी झाड टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी शेरीफसमोर म्हणाला, विसरलो असेन. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. चूक मी पोटात घातली असती रे, पण आधी खोटं बोलला, ते नाही.

तब्येतीला जप. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
वर्नाताई


मेसा, अ‍ॅरिझोना
१६ जानेवारी १९७९

ती. वर्नाताईस,
रुबेनचा सा. न. वि. वि.

तू आणि बर्फावर? आमिषाची चिमुकली मासोळी बोटाला लागली तरी घर डोक्यावर घेणारी तू! हिल्बर्ट असता तर पोट धरून हसला असता. वाचून मीही हसलो. इथे तळं म्हणून जे दाखवतात, त्यात लोक जानेवारीत पोहतात. मला ते बघवत नाही.

हिल्बर्ट मला मेहुणा नंतर झाला, मित्र आधीपासून. तू लिहिलेलं वाचताना सारखा तोच दिसत होता. माझ्या लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये सगळे खोळंबले आणि हे महाराज कुठे, तर वाटेत कुणा परक्याची टपालपेटी कलली होती, ती सरळ करत बसले होते. खांबाच्या बुडाशी दगड ठोकून, हाताने हलवून बघून मगच आला. गुडघे चिखलाने भरलेले. तू त्याच्याकडे जे बघितलंस, ते मला अजून आठवतं. दुसऱ्याच्या दारची पडकी वस्तू पाहून तो पुढे गेलाय, असं मी कधी पाहिलं नाही.

वेंडेलबद्दल काय लिहू? एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो, रागावू नकोस. लहानपणी तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून आम्ही खोड्यांत त्याला घेतच नसू. असा माणूस आधी टाकलं म्हणतो आणि मग विसरलो म्हणतो. यातलं पहिलं खोटं की दुसरं? तू पहिलं धरून चाललीयस. एकटा जीव आहे, त्याला दुसरं कुणी नाही. सभेत बोलायचं तर बोल, पण घरी येऊन रडावं लागेल असं बोलू नकोस.

खोकला खरंच गेला आहे. रागावलीस तरी पत्र पाठव, रागाचंही चालेल.

तुझा
रुबेन


विटनर्स बे
२४ जानेवारी १९७९

चि. रुबेन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हे घडलं. 

मी सभेत काय बोलणार हे गावभर झालंय, ते गुस्तावच्याही कानावर गेलं. दुपारी तो माझ्या खोपीत आला, बादली पालथी घालून बसला. तेवढ्यात खाली बासचा थवा आला. दोन्ही गळांना हिसके बसू लागले, काठी हातातून निसटू बघत होती. मी ओढायला गेले तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, "राहू दे वर्ना. आधी माझं ऐक, नंतर माझ्याच्याने बोलवणार नाही."

त्या सकाळी तो इथेच काठाजवळ बसला होता. आदल्या रात्री वादळ झालेलं, काठाजवळच्या दुसऱ्या वाटांवरची बरीच झाडं लोळत होती. हिल्बर्टचा ट्रक आला आणि वाटेच्या तोंडाशी थांबला. झाड रस्त्यात आडवं पडलेलं. हिल्बर्ट उतरला, ते उचलून जुन्या भोकात उभं केलं, बुडाशी बर्फ तुडवला, मग गुस्तावकडून बादलीभर पाणी नेऊन ओतलं, गोठून पक्कं व्हावं म्हणून. म्हणाला, वाऱ्याने पाडलंय, आता थंडी सरेपर्यंत हलायचं नाही. गुस्तावही मान हलवून म्हणाला, बरं केलंस. काठ सोडून तो कधी पुढे जात नाही, पूल हलल्याचं त्यालाही माहीत नव्हतं. आणि मग हिल्बर्ट ट्रकमध्ये बसून निघून गेला.

म्हणजे झाड वेंडेलने टाकलं होतं. माझ्या नवऱ्याने ते उभं केलं.

त्याच संध्याकाळी गुस्तावने हे वेंडेलला सांगितलं. वेंडेल त्याच्या खांद्याला धरून म्हणाला, "हे वर्नाला कळता कामा नये. हिल्बर्ट स्वतःच्या हाताने मेला असं गावाने म्हणायला नको. तिला कुणावर तरी रागावू दे, माझ्यावर रागावू दे." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन शेरीफला सांगितलं, विसरलो असेन. त्याचे कान लाल झाले होते का, ते मी पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहतच नव्हते.

रुबेन, चर्चच्या पायरीवर त्याने एकदा माझ्यासाठी दार धरलं होतं, तर मी वळसा घालून दुसऱ्या दाराने गेले. दुकानात तो दिसला की मी हातातली वस्तू खाली ठेवून बाहेर पडायचे. आणि हिल्बर्टवर मला इतका राग आलाय की त्याची टोपी खुंटीवरून काढून मी फेकून दिली, मग बर्फात जाऊन शोधून आणली. काय करू ते सांग. लवकर सांग.

तुझीच
वर्नाताई


मेसा
२९ जानेवारी १९७९

ती. वर्नाताईस सा. न. वि. वि.

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचावं म्हणून पोस्ट उघडण्याआधीच येऊन दाराशी उभा आहे.

ताई, बोलू नकोस. माझी काही हरकत नाही, एवढंच सभेत सांग आणि खाली बस. वेंडेलला त्याचं काम परत मिळेल, हिल्बर्टचं नाव चांगलं राहील. नंतर वेंडेलला घरी जेवायला बोलाव आणि दोघं काय रडायचं ते रडा. त्याने जे वर्षभर सांभाळलं, ते सभेत उघडं करणं बरं नव्हे. हिल्बर्टला निवांत पडू दे. पडलेलं उभं करण्यापलीकडे त्याने आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलं नाही.

मी तिथे असायला हवा होतो. ही छाती नसती तर कधीच येऊन पोचलो असतो.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा
रुबेन


विटनर्स बे
११ फेब्रुवारी १९७९

चि. रुबेन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सभेच्या दिवशी सकाळी हाती पडलं. तू म्हणालास तसंच करायचं ठरवून गेले होते, खरंच सांगते. खोली भरलेली. वेंडेल दाराशी शेवटच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर घेऊन. मी उठले, हरकत नाही म्हटलं आणि बसले.

तिथेच संपायला हवं होतं. पण सेक्रेटरी उठले. भला माणूस, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाले, ज्याच्या गलथानपणाने नवरा गेला, त्यालाही ही बाई माफ करते, याला म्हणतात मोठं मन. आणि लोक टाळ्या वाजवू लागले. माझ्यासाठी. काहींनी उभं राहून वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं तर वेंडेल खाली मान घालून बसला होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता.

मला ते सोसवलं नाही. मी पुन्हा उठले आणि म्हटलं, "झाड वेंडेलने टाकलं होतं. हिल्बर्टने ते उभं केलं. गुस्तावने पाहिलंय." वेंडेल एकदम ओरडला, "वर्ना, गप बस." वर्षभरात आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी गप बसले नाही, सगळं सांगितलं, पाणी ओतल्याचंसुद्धा. गुस्ताव मान डोलवत रडत होता. सांगून झालं तेव्हा दाराशी रिकामी खुर्ची होती. कोट खुंटीवरच राहिला होता.

मंडळाने पूल त्याला एकमताने दिला. त्याने नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोट घेऊन त्याच्याकडे गेले. वाटलं होतं, तू लिहिलंस तसं दोघं रडू. त्याने दार उघडलं, कोट घेतला, आत ये म्हणाला नाही. उंबऱ्यात उभा राहून अगदी हळू म्हणाला, "तो माझा भाऊ होता. त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं होतं. तेही तू काढून घेतलंस." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

आता लोक हिल्बर्टबद्दल बोलतात. वाईट नाही बोलत, हसून बोलतात, बिचारा असंच करायचा, म्हणतात. ते हसणं मला कुठे ठेवावं कळत नाही. आणि वेंडेलशी सगळे आता गोड बोलतात, तर तो घराबाहेर पडत नाही. आधी मी त्याच्याशी बोलत नव्हते, आता तो माझ्याशी बोलत नाही. तू सांगितलं होतंस ते ऐकायला हवं होतं की नको होतं, मला अजून ठरवता येत नाही. त्या टाळ्या पुन्हा ऐकल्या तर मी पुन्हा उठेन, हे मात्र नक्की. खरं तेच बोलले, आणि दोघेही भाऊ हातचे गेले.

बास आता रोज येतो आहे. काल मी एवढे पकडले की गुस्तावकडे देऊनही उरले. एका ताटलीत तळून वेंडेलच्या पायरीवर ठेवून आले. सकाळी ताटली तिथेच होती, तशीच, वर बर्फ बसलेला.

म्हणून तुला एक काम सांगते. तू त्याला पत्र लिही. माझं तो उघडणार नाही, तुझं उघडेल. हिल्बर्टबद्दल लिहू नकोस, सभेबद्दल नको, माझं नावही काढू नकोस. बर्फ किती जाड झालाय, बास काठाजवळ लागतोय की भेगेपलीकडे, एवढंच विचार. तुला इथलं काही बघायला मिळत नाही हे त्याला ठाऊक आहे, तो तुला उत्तर दिल्याशिवाय राहायचा नाही. आणि उत्तर द्यायचं तर त्याला घराबाहेर पडून बर्फावर जावंच लागेल.

माझ्यावर तुझा लोभ आहे तो आहेच. त्यातला थोडा सध्या त्याच्याकडे वळव.

तुझी
वर्नाताई