ट्वेटांचा गोठा ब्रिटच्या नावे

मी, आर्लीस ट्वेट, वय ८३, कै. ओर्विल ट्वेट यांची पत्नी, धंदा दुधाचा, राहणार एल्क रिज, विस्कॉन्सिन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवते. आज सकाळची धार मी स्वतः काढली आहे. डोके ठिकाणावर असल्याचा याहून वेगळा पुरावा वकिलांनी मागू नये.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा रॉजर यास द्यावी. "आई, गाई विकून मोकळी हो," असे तो दर नाताळात सांगतो. मी राग धरत नाही. १९८६ साली देशात दूध फार झाले, तेव्हा सरकारने कळप मोडायचे पैसे दिले. अट अशी, की सगळ्या गाई कसायाकडे जाव्यात आणि पाच वर्षे गोठ्यात धार निघू नये. ओळखीसाठी गाईच्या गालावर फुलीचा डाग मालकानेच द्यायचा. ओर्विलने सही केली. डाग त्याने दिले, दावी मी धरली आणि चौदा वर्षांच्या रॉजरने गाई ट्रकवर चढवल्या. त्यानंतर तो गोठ्यात शिरलेला नाही. मला आजही त्या गाईंचे वाईट वाटते.

२. गोठा, कुरण व सर्व गाई रॉजरची मुलगी ब्रिट हिला द्याव्यात. ती आठ वर्षे माझ्याबरोबर धारा काढते आहे. दुधाचा भाव पडला की सरकारकडून येणारी मदतही तिचीच. रॉजरने त्यात वाटा मागू नये. ती दूध काढणाऱ्यासाठी असते.

३. शेजारी हार्लन ब्रेकी. कोणाला किती मदत मिळाली याची यादी जाहीर होते आणि हा गृहस्थ दर वसंतात ती कॅफेत मोठ्याने वाचतो. "आर्लीस, यंदा सरकारनं तुला चांगलंच पोसलं म्हणायचं." त्याची स्वतःची मदत बायकोच्या नावावर येते, म्हणून त्याचे नाव कधी निघत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी फक्त लेखी देते आहे.

मात्र पाच वर्षे संपली त्या सकाळी हाच हार्लन एक कालवड घेऊन आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "बंद करायला सरकारनं पैसे दिले. सुरू करायला ही घे." आजचा कळप तिच्यापासूनचा आहे. म्हणून माझ्यामागे जन्मणारी पहिली कालवड त्याला द्यावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, त्यामुळे त्याला या कागदावर साक्षीदार होता येत नाही. तो कुरकुर करील, करू द्यावी.

४. डाग द्यायचे लोखंड गोठ्यात खुंटीला आहे. ते जुन्या वस्तूंच्या दुकानात विकू नये. पुन्हा कोणी गोठा बंद करायचे पैसे घेऊन आले, तर ब्रिटने आधी ते हातात धरावे, मग काय ते ठरवावे. मी अट घालत नाही. आम्हाला एक अट पुरली.

५. माझा अंत्यविधी दोन धारांच्या मधल्या वेळात उरकावा, म्हणजे लोक वेळेवर आपापल्या गोठ्यांत पोचतील. ब्रिटने माझ्यासाठी संध्याकाळची धार चुकवू नये.

६. पुढे त्या यादीत माझ्या जागी ब्रिटचे नाव येईल. हार्लनने ते अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असे वाचावे.

सही: आर्लीस ट्वेट
साक्षीदार: १. ड्वेन क्लॉकी, दुधाच्या टँकरचा चालक
२. मार्गिट ओल्स्टाड, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी
स्थळ: गोठ्याशेजारची दुधाची खोली, एल्क रिज
दिनांक: ९ एप्रिल २०२४