तपासाची दिशा : पुणे

३० सप्टेंबर, दुपारी
ठरलं. यापुढे केस हातात आली की दहा मिनिटांत निर्णय. इन्स्पेक्टर साहेब नेहमी म्हणतात, दयानंद, तू विचार फार करतोस. आता नाही करणार.
सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटमधून म्हातारा हरवलाय. पुरुषोत्तम गद्रे, विसराळू. मुलगी अंजली मॅडम, आयटीतल्या, नोकरीसाठी पुण्याहून इकडे आलेल्या. राहतात बी टॉवर, ४०४. मी निपाणीचा, माझं मराठी ऐकून बिचारीला धीर आला. वडील सकाळी खाली फिरायला गेले ते परतलेच नाहीत. हल्ली सारखं घरी जायचंय म्हणायचे. झालं की! घर म्हणजे पुणे. सात मिनिटांत केस क्लिअर. उरलेल्या तीनात चहा.

रात्री
मॅडमनी सोशल मीडियावर टाकलं. डीसीपी साहेबांना आता दर तासाला रिपोर्ट हवा. कळवलं, तपासाची दिशा पुणे. साहेब खूश. आता दिशा बदलणं बरं दिसणार नाही.
गेटचा कॅमेरा बघितला का, मॅडमनी दोनदा विचारलं. ते बघत बसलो तर पुण्याच्या बसा कोण तपासणार?

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. जीपला हार, चाकाखाली लिंबू. टीम पुण्याला रवाना. रिपोर्ट लिहायला पाऊण तास जातो, उरलेल्या पावात तपास.
त्याच अपार्टमेंटमधून वेगळीच तक्रार. सी टॉवरच्या पद्मावती अक्का म्हणतात, वरच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम चाललंय, सणालासुद्धा ठोकाठोकी. लोकांना वेळकाळ नाही. ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, कालच हत्यारांची पूजा उरकून पोरं कुलूप लावून गावी गेली. काम बंद, म्हणजे आवाज नाहीच. तक्रार निकाली. दिवसभरात एक तरी.

२ ऑक्टोबर
स्वारगेटला म्हातारा सापडला! चष्मा, विसराळू, सगळं जुळतंय. फोटो यायची वाट बघितली नाही, साहेबांना आणि मॅडमना लगेच कळवलं. मॅडम फोनवर हसत रडल्या.

संध्याकाळी
व्हिडिओ कॉल केला. म्हातारा साताऱ्याचा, दुसराच कोणी. मॅडमनी फोन ठेवला. फार वाईट वाटलं. घाईत होतं असं.
पद्मावती अक्कांचा फोन. आवाज कालच रात्री थांबला, थँक्यू म्हणाल्या. चला, कोणीतरी समाधानी आहे.

४ ऑक्टोबर
सुतार परतले. कुलूप काढलं. सी टॉवर, ४०४.
दोन्ही टॉवर सारखेच. गद्रे आपलंच घर समजून शिरले, आतल्या खोलीत आडवे झाले. पूजेच्या गडबडीत कोणी बघितलं नाही. नळाला पाणी अजून जोडलेलं नव्हतं.
मॅडम जिन्यात बसल्या होत्या. अक्कांनी त्यांना सगळं सांगितलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, ते दार वाजवत होते."
मी हो म्हणालो.
डीसीपी साहेबांचा फोन येऊन गेला. फायनल रिपोर्टची घाई नाही, सावकाश, विचार करून लिहा म्हणाले.
दुपारपासून बसलोय. पहिलं वाक्यच जमत नाही.