धाकट्याचे सुटे भाग

१४ मार्च २०१५

दोन रेघा आल्या. दोनदा बघितलं. मजीदला फोन केला तर तो साइटवर, मागे ड्रिलचा आवाज. ओरडूनच म्हणाला, "इन्शाल्ला मॅच होईल!"

बाळ हा शब्द नाही. खुशी झाली, असंही नाही. मॅच!

पण मी तरी काय वेगळी? रेघा दिसल्या आणि मला आधी उमामाच आठवली. आठ वर्षांची पोर, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवल्याशिवाय चालत नाही. सख्ख्या भावंडाचा बोनमॅरो जुळला तर कायमची बरी होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. चारातला एक चान्स. त्यासाठीच हे दुसरं मूल. लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे!

२ एप्रिल

रक्ताचा दिवस. माबेलाच्या घरून हॉस्पिटलला निघायलाच उशीर, पुढे रस्ता तुंबलेला. नस सापडेपर्यंत तीनदा टोचलं. उमामा आता रडत नाही. तेच बघवत नाही.

मदिनत सुलतान काबूस या वस्तीतलं एक कुटुंब आखात सोडून चाललंय. जाताना त्यांनी पुस्तकं वाटली, त्यात हिला जपानी कॉमिक्सचे नऊ भाग मिळाले. उजवीकडून डावीकडे वाचायचे — "अम्मी, कुरआनसारखं ओपन होतं!" तोमे नावाची एक रोबो मुलगी, सारखी बिघडणारी. म्हणून कारखाना तिच्यासाठी धाकटा भाऊ पाठवतो, बिनो. तोमेचं काही मोडलं की बिनो पोटाचं झाकण उघडतो आणि स्वतःचा भाग काढून देतो. मग एका पायावर उड्या मारत फिरतो. उमामा खिदळत होती. हातात सुई, आणि खिदळत होती!

मला हसू येईना.

२१ मे

पोटातल्या बाळाचा रिपोर्ट आला. त्याला आजार नाही. मुलगा आहे. मजीद हलव्याचा डबा घेऊन आला. "खलास, अर्धं काम झालं."

रिपोर्ट वाईट आला असता तर? त्यावर आम्ही एकदाही बोललो नव्हतो. आजही नाही.

३० जुलै

उकाडा. पाय सुजलेत. काही लिहावंसं वाटत नाही.

१३ नोव्हेंबर

इम्रान सोमवारी झाला. साडेतीन किलो. नर्सने छातीवर ठेवला, आणि त्याचं तोंड बघायच्या आधी माझ्या मनात आलं — याचं रक्त कसं असेल. अल्ला मला माफ करो.

खेडहून नणंदेचा, शकीलाचा फोन. "आता आपल्या उमामाचं नशीब उघडलं बघ!" पोराबद्दल कोणी काही विचारतच नाही. कोणासारखा दिसतो, एवढंसुद्धा नाही.

६ डिसेंबर

उमामा त्याच्याजवळ फिरकत नाही. "एकदा हात तरी लाव," म्हटलं. "नो." आणि दार लावून घेतलं.

मजीद म्हणतो, जळते. इतकी वर्षं एकटीच होती ना.

१७ जानेवारी २०१६

तेच.

३ मार्च



चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साचतं. ते बाहेर काढायची गोळी मी रोज सकाळी पाण्यात विरघळवून उमामाला देते. आज बाल्कनीत कपडे वाळत घालताना बघितलं — कोरफडीच्या कुंडीतली माती वर पांढरी. हात लावून बघितलं. गोळीच!

"किती दिवस ओततेस?" मी हात उगारला. मारला नाही, पण उगारला. मग बोलली, अर्धं इंग्लिश, अर्धं आमच्या बोलीत. अब्बा फोनवर शकीला फुप्पीला सांगत होते, त्याचं काढून हिला लावायचं. ते हिने ऐकलं होतं.

"नाइन्थ बुकमध्ये बिनो सगळं देतो, अम्मी. लास्ट पार्ट पण. मग तो बंद होतो. तोमे त्याला हलवते, तो उठतच नाही."

मी खूप सिक झाले तर डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत — असं तिने ठरवलेलं! म्हणून गोळी कुंडीत. आणि आम्ही म्हणत होतो, जळते.

"मग त्याला हात का लावत नाहीस?"

"लावला तर मला तो आवडेल ना."

जवळ घेऊन समजावलं. थोडंसंच घेतात. ते पुन्हा भरून येतं. त्याला काही होत नाही, तो बंद पडत नाही. सगळं नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "पण त्याला कोणी विचारला?"

मी उठून भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

४ मार्च

गोळी माझ्यासमोर घेतली. इम्रानच्या तळपायाला एक बोट लावलं. लगेच काढलं.

२० जून

मॅचसाठी इम्रानच्या रक्ताचा नमुना घेतला. तो कळवळून रडला, तशी उमामा कान झाकून बाहेर जिन्यात जाऊन बसली. मजीदचा रोजा. गाडी चालवतानाही ओठ हलत होते. दुआ कोणासाठी, ते विचारायला नको.

मीही मागितलं. मॅच होऊ दे. मागताना मांडीवरच्या पोराकडे मात्र बघवलं नाही.

११ जुलै

अजून फोन नाही.

१८ जुलै

फोन आला. जुळला नाही.

मजीद खाली जाऊन गाडीत बसलाय, एसी लावून. तास झाला.

उमामाला मीच सांगितलं. काही लपवलं नाही — सुया, गोळ्या, सगळं असंच चालू राहणार. ती इम्रानकडे बघत राहिली. तो गालिच्यावर पालथा पडून स्वतःच्या लाळेत हात आपटत होता.

"मग आता हा कशासाठी?"

"कशासाठीच नाही. असाच."

"असाच?"

"असाच."

तिने त्याला उचललं. नीट पेलवेना, तरी खाली ठेवेना. तो हसला.

त्याच्या डाव्या गालाला खळी पडते. मी आज बघितली.